गुसल देणाऱ्याचा जबाब

सेवेतली बहुतेक प्रकरणे मला आता कागदांवरून आठवतात. हे एकच प्रकरण आवाजावरून आठवते. सकाळी दहाच्या सुमारास ठाण्यातला फोन वाजला. ठाणे अंमलदार हजेरी घेत होता, म्हणून मीच उचलला. पलीकडे घोगरा, दमलेला आवाज होता.

"आज जियारत हाय. ती उरकली की ठेकेदाराचा खून होणार हाय. मारणाऱ्याकडं सत्तूर हाय, सायकलीच्या पिशवीत."

त्याने मोहल्ल्याचे नाव सांगितले, तरुणाच्या शर्टाचा रंग सांगितला, आणि "त्याला मारू नका" एवढे बोलून फोन ठेवला.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून थेट परीक्षेतून उपनिरीक्षक झालेली. लातूरच्या त्या ठाण्यात एकटीच महिला अधिकारी असल्यामुळे हुंड्याच्या तक्रारी आणि हरवलेल्या मुली तेवढ्या माझ्या टेबलावर येत. बाकी वेळ शिकवणीच्या मुलांच्या सायकल-चोऱ्या आणि खानावळीतली भांडणे. भूकंपाला काही वर्षे झाली होती, आणि शहराचे लक्ष आता बारावीच्या गुणांवर होते. रिकाम्या प्लॉटवर वसतिगृहे उभी राहत होती, एक मजला पुरा होण्याआधी त्याच्या खोल्या भाड्याने जात होत्या. मला हवा होता खुनाचा तपास. तो मिळत नव्हता.

जियारत म्हणजे दफनानंतर तिसऱ्या दिवशी मृतासाठी होणारी प्रार्थना. हवालदाराने दहा मिनिटांत माहिती काढली. त्या मोहल्ल्यातला एक तरुण गवंडी परवा वसतिगृहाच्या बांधकामावरून पडून मेला होता. बाप गवंडी, धाकटा भाऊही गवंडी. जियारत त्याचीच. ठेकेदारही त्याच मोहल्ल्यातला, आणि नात्यातला.

दुपारी साडेबाराला मशिदीपासून दोन गल्ल्या अलीकडे आम्ही धाकट्याला अडवले. सायकलीच्या दांड्याला सिमेंटच्या गोणीची पिशवी होती, तिच्यात फडक्यात गुंडाळलेला सत्तूर. पंच बोलावले, पंचनामा केला, मुद्देमाल सील केला, आणि कलम एकशे एक्कावन्नखाली त्याला ताब्यात घेऊन स्टेशन डायरीत नोंद केली. त्याने धडपड केली नाही. सायकल कुलूप लावून ठेवा, एवढेच म्हणाला.

दोन तास तो काही बोलला नाही. माणूस गप्प राहतो तेव्हा त्याच्या हातांकडे पाहावे, असे मला हवालदाराने पहिल्याच महिन्यात शिकवले होते. धाकट्याचे हात सिमेंटने फुटलेले होते आणि गुडघ्यावर पालथे पडून होते. मी चहा मागवला.

"तुम्ही चहा देता, म्याडम," तो म्हणाला. "भाईला पाणी बी पाजलं न्हाई कुणी."

"तो पडला ना?"

"गवंड्याचं लेकरू पडत न्हाई. आम्ही रांगायला परांचीवर शिकलो."

"मग ढकलला?"

"ते मला कसं ठावं? मी देगलूरला कामावर होतो. आलो तर मय्यत बांधून तयार. खांदा द्यायला पहिला तोच, ठेकेदार. रडत बी होता."

मी ते लिहून घेतले आणि दुःखी भावाचे बोलणे म्हणून बाजूला ठेवले. त्या मृत्यूची कसलीच नोंद आमच्याकडे नव्हती. प्रेत सरकारी दवाखान्यात गेलेच नव्हते, शवविच्छेदन झाले नव्हते, दफन त्याच संध्याकाळी झाले होते. माझ्या दृष्टीने खून टळला होता आणि तो मी टाळला होता. दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. मी ते कात्रण कापून पाकिटात ठेवले. हे लिहिताना लाज वाटते, पण ठेवले हे खरे.

त्याच सकाळी धाकट्याचा बाप आला. डोक्यावर पांढरी टोपी, धोतरासारखी गुंडाळलेली लुंगी, खांद्याला थापी-ओळंब्याची पिशवी.

"जामिनाला आलाय," हवालदार माझ्या कानाशी म्हणाला.

"जामीन नको," म्हातारे म्हणाले. त्यांचे कान चांगले होते. "अजून चार दिवस ठेवता येतो का बघा."

मी मान वर केली. तोच आवाज.

"चाचा, फोन तुम्ही केला होता?"

"मग कोण करणार? त्याच्या अम्माला फोन लावता येत न्हाई." ते बाकावर बसले. "धाकट्याला तुम्ही वाचवलं. शुक्रिया. आता मोठ्याचं लिहून घ्या."

मी कायद्यातली अडचण समजावली. चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवता येणार नाही, आज त्याला कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करू, शांततेचे बंधपत्र घेऊन सोडतील. आणि मोठ्याबद्दल संशय असेल तर प्रेत दफन करण्याआधी यायला हवे होते.

"व्हय," ते म्हणाले. "चूक झाली. ठेकेदार माझ्या बायकोच्या भावाचा पोरगा. खासगी दवाखान्याच्या दारात मला म्हणला, फुफा, सरकारी दवाखान्यात नेलं तर चिरफाड करतील, मय्यतीला तरास कशाला. माझं मन बी तेच म्हणून राहिलं होतं. आमच्यात मय्यतीला थांबवत न्हाईत, कापत तर न्हाईतच."

मग त्यांनी भांडणाचे कारण सांगितले. भूकंपानंतर किल्लारी भागात घरे पुन्हा बांधली गेली, तेव्हा म्हातारे आणि थोरला तिथे दोन वर्षे कामाला होते. कॉलमच्या उभ्या सळयांना जे आडवे लोखंडी वेढे घालतात, त्यांना गवंडी रिंगा म्हणतात. त्या किती जवळजवळ बांधायच्या, हे तिथल्या इंजिनिअरांनी दोघांकडून घोटून घेतले होते. वसतिगृहाच्या कामावर ठेकेदार निम्म्या रिंगा गाळत होता. थोरल्याने आधी सांगून पाहिले. मग, सोमवारी नगरपालिकेत जातो, असे बजावले. सोमवार उजाडण्याआधी तो पडला.

"धाकट्यानं ठेकेदाराला मारला असता तर काय झालं असतं?" म्हाताऱ्यांनी मलाच विचारले. उत्तराची वाट पाहिली नाही. "माझा एक कबरीत, एक फासावर. आन बिल्डिंग तशीच उभी. चार मजले. लोकांची लेकरं झोपणार तिच्यात. माझं पोरगं कशापायी बोललं, ते ठेकेदाराबरोबरच दफन झालं असतं. म्हणून फोन केला, म्याडम. मला त्याचा जीव नको. ते कॉलम फोडून बघा."

मी अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि वरिष्ठांकडे गेले. कबर उघडायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश हवा, आणि आदेश मागायचा तर काही आधार हवा. साहेब चिडले नाहीत. पण म्हणाले, "एका म्हाताऱ्याच्या शब्दावर मी कबरस्तानात कुदळ पाठवणार नाही. अख्खा मोहल्ला पेटेल. प्रेत पाहिलेला माणूस आण."

"प्रेत पाहिलेला एकच माणूस असतो," हवालदार बाहेर आल्यावर म्हणाला. "आंघोळ घालणारा. पण म्याडम, तिथं तुमची केमिस्ट्री चालायची न्हाई."

दफनापूर्वी मृताला विधिपूर्वक आंघोळ घालतात, तिला गुसल म्हणतात. त्या मोहल्ल्यात ते काम एक पन्नाशीचा माणूस करीत असे. मशिदीजवळ त्याचे सायकल-पंक्चरचे दुकान होते. मी त्याला समन्स पाठवून ठाण्यात बोलावले आणि तिथेच चूक केली. घरी गेले असते तर कदाचित बोलला असता. ठाण्यातल्या बाकावर तो चार तास बसून राहिला.

"जे दिसतं ते मय्यतीबरोबर झाकायचं असतं," तो एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होता. "मी बोललो तर उद्या माझ्या हातात कोण आपला माणूस देईल?"

मी साक्ष लपवण्याचे कलम सांगितले. त्याने मान हलवली, जणू पावसाचा अंदाज ऐकला. मी अस्थिभंगाचे प्रकार समजावले. त्याने तेही नम्रपणे ऐकून घेतले.

तिसऱ्या प्रहरी फाटकासमोर गर्दी जमली. मय्यत धुणाऱ्याला पोलिसांनी मारले, अशी आवई उठली होती. बंधपत्रावर सुटलेला धाकटाही तिच्यात होता. कोणीतरी दगड उचलला होता. साहेबांनी राखीव तुकडीला निरोप दिला. तेवढ्यात म्हातारे रिक्षातून उतरले आणि गर्दीतून वाट काढत फाटकाच्या पायरीवर चढले.

"त्या दिवशी कबर खोदायला किती जण आला होता?" त्यांनी शांतपणे विचारले. "चार जण. मी मोजले. घाम पुसायला पाचवा नव्हता. आज पन्नास आलात. माझ्या पोराचं काम करायचं असेल तर ते आत चाललंय, कागदावर. तुमच्या दगडानं ते बंद पडंल. जा, आपापल्या दुकानावर जा." मग धाकट्याकडे पाहून म्हणाले, "तू थांब. यांना घराकडं लाव. सत्तूर धरता येतो तर माणसं बी आवरता येत असतील."

दगड खाली पडल्याचा आवाज मी ऐकला. धाकटा लाल चेहऱ्याने वळला आणि एकेकाच्या दंडाला धरून बाजूला नेऊ लागला.

आत येऊन म्हातारे गुसल देणाऱ्याच्या शेजारी बसले. त्यांनी काही मागितले नाही.

"तू माझ्या पोराला साफ केलंस," ते म्हणाले. "पडदा ठेवलास. अल्ला तुला बरकत देवो. मी इमामसाहेबांना विचारून आलोय. पडदा मय्यतीच्या ऐबावर, दोषावर ठेवायचा. त्याच्या जखमेत त्याचा कोणता ऐब हाय, सांग बरं?"

तो माझ्याकडे वळून म्हणाला, "लिहा."

माझ्या सेवेतला सर्वांत नेमका जबाब मी त्या दिवशी लिहिला. डाव्या हातावर पाणी ओतताना कोपर आणि मनगटाच्या मध्ये, करंगळीच्या बाजूचे हाड हलत होते. डोक्याच्या मागे एक लांब खाच होती, बोटाएवढी रुंद. चेहऱ्याला, तळव्यांना, गुडघ्यांना ओरखडाही नव्हता.

"पडलेले मी लई धुतलेत, म्याडम. किल्लारीचे बी धुतले. पडलेला असा नसतो. हा हात वर करून मेला."

आदेश दोन दिवसांत निघाला. कबरस्तानात सकाळी नऊला तहसीलदार, सरकारी डॉक्टर, दोन पंच आणि आम्ही होतो. मोहल्ल्यातले वडीलधारे भिंतीपलीकडे पाठमोरे उभे होते. मजुरांनी वरची माती काढली आणि शहाबादी फरशा लागल्या. त्यांच्या खाली प्रेत असते.

"थांबा," म्हातारे म्हणाले. "ह्या मी बसवल्या. कुठली आधी काढायची ते मला ठावं हाय. आतमधी माती पडू नये."

ते खाली उतरले. एकेक फरशी सैल करून त्यांनी वर दिली. धाकट्याने ती घेऊन भिंतीशी लावली. मी नोंदवहीत लिहीत होते, कारण लिहिणे हे न पाहण्याचे कारण होऊ शकते. शेवटची फरशी देताना म्हातारे थांबले.

"भूकंपात तीन दिवस माणसं उकरून काढली, बेटी. परक्याची. तेव्हा वाटलं होतं, हे काम संपलं."

डॉक्टरांनी तिथेच कापडी आडोशात तपासणी केली. मृदू भाग सांगण्याच्या स्थितीत नव्हते, पण हाडे होती. डाव्या हाताचे हाड मधोमध तुटलेले, वार अडवताना तुटते तसे. कवटीच्या मागे सळईच्या जाडीची लांबट खाच. गुसल देणाऱ्याने बोटांनी जे सांगितले होते, ते पट्टीने मोजल्यावर तेच निघाले. फरशा पुन्हा म्हाताऱ्यांनीच बसवल्या.

त्या दुपारी ठेकेदाराला आणले. तो सभ्य होता, डोळ्यांत पाणी आणून बोलत होता. थोरल्याचा पाय घसरला, मी खाली होतो, मीच उचलला. तासभर मी त्याला बोलू दिले. मग फक्त एवढेच म्हणाले, "गुसल देणाऱ्याचा जबाब आमच्याकडे आहे."

तो हसला. "तो बोलत न्हाई, म्याडम. मय्यतीचं बघितलेलं सांगायचंच नसतं. तुम्हाला आमच्यातलं ठाऊक न्हाई."

"सांगण्यासारखं काय होतं?"

त्याने शवविच्छेदन टाळले होते, दफन उरकले होते, आणि उरलेल्या एकाच माणसाच्या श्रद्धेवर विसंबून निर्धास्त राहिला होता. मी जबाबाचा कागद त्याच्यासमोर ठेवला. खालचा अंगठा कोणाचा, हे त्याने ओळखले असावे. तो वाचत नव्हता, अंगठ्याकडेच पाहत होता.

गच्चीवर वाद झाला, हातात सळई होती, मारायचे नव्हते, असे तो म्हणाला. पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात चालत नाही, पण तिच्यातून वस्तू मिळाली तर तेवढा भाग चालतो. मी सळई कुठे आहे विचारले. त्याने ती पुढच्या कॉलमच्या सांगाड्यात तारेने बांधून टाकली होती. दुसऱ्या दिवशी त्यावर काँक्रीट ओतले गेले.

म्हणजे कॉलम फोडणे भाग होते.

मी आनंदले. रक्त, सळई, प्रयोगशाळा, हे माझे क्षेत्र होते. पंचांसमोर तो कॉलम वरपासून फोडला. सळई मिळाली. आणि मागितल्याशिवाय दुसरीही गोष्ट उघडी पडली. रिंगा हातभर अंतरावर होत्या, काही ठिकाणी नव्हत्याच. पंचनाम्यात मी तेही शब्दशः घातले. म्हातारे आत वाकून पाहत होते. "बाकीचे?" त्यांनी विचारले. बाकीचे फोडायचा मला अधिकार नव्हता. तसे मी सांगितले. नगरपालिकेला पत्र देते, असेही सांगितले.

उघडा कॉलम तसाच ठेवणे धोक्याचे होते. म्हातारे म्हणाले, मी बांधून देतो, मजुरी नको. त्यांनी आणि धाकट्याने तीन दिवस खपून रिंगा बोटे मोजून बांधल्या आणि तो पुन्हा भरला. दुरुस्त केल्यामुळे तो इतरांपेक्षा थोडा जाड झाला.

सळईचा अहवाल नकारार्थी आला. ओल्या सिमेंटच्या क्षारात ओळखता येईल असे काही उरले नव्हते. एम.एस्सी. झालेल्या बाईला हे आधीच कळायला हवे होते. खटला अनेक वर्षे चालला आणि शेवटी तो ज्यावर उभा राहिला, ती होती पंक्चरवाल्याची साक्ष आणि तिला दुजोरा देणारी दोन हाडे. बचावाच्या वकिलाने त्याला विचारले, धर्मात मनाई असताना बोललात कसे? तो म्हणाला, "वारसानं विचारलं." सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. त्या साक्षीनंतर काही घरांनी त्याला बोलावणे बंद केले. म्हातारे वारले तेव्हा त्यांना गुसल त्यानेच दिले, असे धाकट्याने मला पत्राने कळवले.

म्हातारे प्रत्येक तारखेला येत. ठेकेदाराला किती वर्षे होतील, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. विचारत ते एकच, बाकीच्या कॉलमांचे काय झाले. मी नगरपालिकेला दोन पत्रे दिली. पहिल्याला उत्तर आले, बाब न्यायप्रविष्ट आहे. दुसऱ्याला उत्तर आले नाही, आणि माझी बदली नांदेडला झाली. आरोपीला शिक्षा होणे हे पोलिसाचे यश मानले जाते, आणि ते मला मिळाले. त्याच्या जोरावर बढतीही लवकर मिळाली. पण तक्रारदार जे मागत होता ते वेगळे होते, आणि ते मी फाइलीत घालून पुढे सरकले. तरुणपणी मी पुरावा वस्तूंमध्ये शोधत असे. त्या प्रकरणात तो एका माणसाच्या हातांना ठाऊक होता, आणि तो बाहेर आला तो एका बापाने सूड नको म्हटल्यामुळे. ज्याने कायद्यावर एवढा भरवसा ठेवला, त्याला कायद्याने अर्धेच उत्तर दिले.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यानंतर एकदा लातूरला गेले. इमारतीवर नव्या शिकवणीचा फलक होता, खिडक्यांतून वाळत घातलेले टॉवेल. तळमजल्यावर धाकटा भेटला. दाढी पिकली होती, खांद्याला बापाचीच पिशवी होती. पोटमाळ्याचे किरकोळ काम करीत होता. त्याने मला वरच्या मजल्यावरच्या त्या जाड कॉलमपाशी नेले आणि त्यावर तळवा ठेवला.

"ह्यो एकच मजबूत हाय, म्याडम. अब्बाच्या हातचा."

शेजारच्या जिन्यावरून मुले धावत उतरत होती. तो त्यांना वाट देऊन बाजूला झाला.

"बाकीचे कधी फोडायचे?"

मी निवृत्त झाले आहे, हे त्याला माहीत होते. तरी त्याने विचारले.